ध्रुवाची उंची

नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहणाऱ्याला त्याची गती सहसा जाणवत नाही. सायंकाळी पूर्वेला उगवलेल्या कृत्तिका मध्यरात्री माथ्यावर आलेल्या दिसल्या, की ‘रात्र बरीच झाली’ एवढेच म्हणून आपण अंथरुणाकडे वळतो. छायाचित्र घेणाऱ्याला मात्र ही गती क्षणोक्षणी छळते. पृथ्वी स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. त्यामुळे आकाशाच्या मध्यपट्ट्यातील तारा दर सेकंदाला सुमारे १५ विकला पश्चिमेकडे सरकतो. अंशाचा साठावा भाग ती कला आणि कलेचा साठावा भाग ती विकला, हे पंचांग उघडणाऱ्या आपल्या मागच्या पिढीला सांगावे लागत नसे. पूर्णचंद्राच्या बिंबाएवढे अंतर तारा दोन मिनिटांत तोडतो. कॅमेऱ्याचे शटर तीन मिनिटे उघडे ठेवावे, तर ठिपक्याच्या जागी रेघ उमटते. ते लवकर मिटावे, तर दूरच्या दीर्घिकेचा क्षीण प्रकाश साठतच नाही.

यावर उपाय एकच. दुर्बिणीने पृथ्वीच्या उलट दिशेने, पण पृथ्वीच्याच गतीने फिरत राहावे. दुर्बिणीला पेलणारे आणि असे फिरवणारे जे आसन असते त्याला माउंट म्हणतात. त्याचे दोन आस असतात. मुख्य आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा, मोटारीने त्याला दिवसाकाठी एक फेरी द्यायची, की ताऱ्यांपुरते जग थांबते. तत्त्व इतके सोपे आहे की शाळकरी मुलालाही पटावे. ते प्रत्यक्षात उतरवताना काय काय घडते, ते गेल्या वर्षी आमच्या घरी आलेल्या एका नव्या माउंटने आम्हां दोघा भावांना शिकवले. साहित्यसंस्थेच्या अंकात यंत्राची कथा कशाला, असे कोणी विचारील. परंतु या यंत्राला कामाला लावण्यापूर्वी ते आपल्याला एकच प्रश्न विचारते: तुम्ही पृथ्वीवर नेमके कोठे उभे आहात? आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या घराण्यांना हा प्रश्न परका नाही.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आज ऐंशीच्या घरात. त्यांनी उभा जन्म शाळेत गणित शिकवले. इंदूरच्या जुन्या वस्तीतील आमच्या वाड्याच्या गच्चीवर त्यांनीच मला नक्षत्रे दाखवली. तेव्हा रस्त्यावर दिवे मोजके होते आणि सराफ्याकडचा उजेड गच्चीपर्यंत पोहोचत नसे. शर्मिष्ठेवरून खाली उतरत देवयानी गाठायची आणि तिथला धुरकट पुंजका शोधायचा, हा त्यांचा आवडता पाठ. मला तो दिसेना, तेव्हा ते म्हणाले होते, ‘‘त्याच्याकडे बघू नकोस, त्याच्या जरा शेजारी बघ.’’ मी तसे केले आणि पुंजका उमटला. डोळ्याच्या दृष्टिपटलाचा अगदी मधला बिंदू रंग आणि बारकावे टिपण्यात तरबेज असतो, पण अंधारात काम करणाऱ्या पेशी तिथे नसतात. त्या त्याच्या सभोवती दाटलेल्या असतात. म्हणून मंद वस्तू तिरप्या नजरेने दिसते. हे शास्त्र मला पुढे कळले; युक्ती आठव्या वर्षीच कळली होती.

चार वर्षांपूर्वी दादांच्या उजव्या डोळ्यातील दृष्टिपटलाचा तोच मधला भाग झिजत असल्याचे निदान झाले. पुढे डाव्या डोळ्यातही त्याची सुरुवात दिसली. कडेची दृष्टी राहील, मध्यभागी मात्र डाग वाढत जाईल, आणि तो किती वेगाने वाढेल हे सांगता येणार नाही, असे नेत्रतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले. दादांनी वर्तमानपत्र बंद केले, गणिताचे कोडे वहिनींकडून वाचून घेऊ लागले, आणि तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हणाले, ‘‘देवयानीचा तो पुंजका एकदा मोठा करून बघायचा राहिला.’’

हे वाक्य माझ्या पुतण्याने ऐकले. दुर्बिणीच्या नेत्रभिंगातून आता दादांना काही दिसणे कठीण. पण छायाचित्र घेऊन ते दूरचित्रवाणीच्या मोठ्या पडद्यावर लावले तर दिसेल, हे त्याने ताडले. पावसाळा संपता संपता खोकी आली: एक मोटारीचा माउंट, ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची छोटी भिंगाची दुर्बीण आणि कॅमेरा. मी वीज खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. त्यामुळे जोडणीचे काम आपोआप माझ्याकडे आले. देवयानी ऑक्टोबरपासून संध्याकाळच्या आकाशात असते, नोव्हेंबरात रात्री नवाच्या सुमारास जवळजवळ माथ्यावर येते आणि जानेवारी सरताना पश्चिमेला कलते. म्हणजे आमच्या हातात चार महिने होते. त्यापुढे एक वर्ष थांबायचे, आणि त्या वर्षाचा हिशेब डोळ्यांच्या डॉक्टरांनाही मांडता आला नव्हता.

यंत्राच्या बैठकीवर एक अर्धवर्तुळाकार मोजपट्टी असते. तिच्यावर आपल्या गावाचा अक्षांश लावायचा. कारण साधे आहे: उत्तर गोलार्धात खगोलाचा ध्रुव क्षितिजापासून तितकाच वर असतो, जितका त्या गावाचा अक्षांश. मी पट्टीवर पावणेतेवीसचा आकडा लावत होतो. इंदूर २२ अंश ४३ कलांवर आहे. दादा शेजारी खुर्चीवर बसून होते. ते म्हणाले, ‘‘हेच यंत्र साताऱ्याला मांडले असते, तर पावणेअठराच्याही जरा खाली लावावे लागले असते.’’

आमचे मूळ घराणे साताऱ्याकडचे. होळकरशाहीत कोणी एक पूर्वज माळव्यात आला आणि राहिला. तो का आला, किती जणांना घेऊन आला, याच्या तीन वेगवेगळ्या कथा आमच्या घरात आहेत. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: सातारा १७ अंश ४१ कलांवर, इंदूर २२ अंश ४३ कलांवर; त्याच्या त्या प्रवासात ध्रुवतारा पाच अंशांनी वर चढला. आपल्यापैकी जे ग्वाल्हेरला गेले त्यांचा ध्रुव सव्वीस अंशांवर आहे, बडोद्याच्या मंडळींचा सव्वाबावीसवर, हैदराबादकरांचा सतरा अंशांच्या थोडा वर आणि बेळगावकरांचा सोळाच्याही किंचित खाली. बखरी आणि सनदा वाळवीने खाल्ल्या तरी हा पुरावा मोकळ्या आकाशात कोणालाही तपासता येतो.

उत्तरेला जे मिळते ते दक्षिणेला गमावावे लागते, हेही तितकेच खरे. अगस्त्याचा तारा साताऱ्याहून क्षितिजावर साडेएकोणीस अंशांपर्यंत चढतो. इंदूरहून साडेचौदा, ग्वाल्हेरहून जेमतेम अकरा. विंध्याला ‘मी परत येईपर्यंत असाच वाकून राहा’ असे सांगून अगस्त्य ऋषी दक्षिणेला गेले आणि परतले नाहीत, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. आपले पूर्वज तोच विंध्य उलट दिशेने ओलांडून आले आणि तेही परतले नाहीत. आमच्या आजी या ताऱ्याला हात जोडत असत, पण माळव्यात तो इतका खाली का दिसतो, असे त्यांना वाटल्याचे मला आठवत नाही. त्यांचा जन्म इकडचाच.

अक्षांशाचा हाच कोन दगडात बांधलेला पाहायचा असेल तर उज्जैनला जावे. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. उज्जैनच्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत क्षितिजाशी २३ अंश १० कलांचा कोन करते, म्हणजे ती पृथ्वीच्या आसाला समांतर आहे. ही वेधशाळा मोडकळीस आली होती, तेव्हा माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या ज्योतिर्गणितज्ञाकडे तिची व्यवस्था आली. दादा दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांची सहल तेथे नेत. ‘‘या भिंतीची सावली चालते, भिंत हलत नाही,’’ असे ते मुलांना सांगत. आमच्या गच्चीवरच्या यंत्राचा मुख्य आस म्हणजे तीच भिंत, फक्त वीतभर लांबीची आणि फिरणारी.

पहिल्या रात्रीच फिरण्यात खोट दिसू लागली. दुर्बीण एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे वेगाने वळवली की हातातल्या नियंत्रकाचा पडदा मंद होई आणि यंत्र स्वतःला विसरून नव्याने सुरू होई. हे दुखणे माझ्या ओळखीचे निघाले. विजेचा दाब मोजण्याचे मीटर लावले. यंत्र स्थिर असताना बारा व्होल्ट व्यवस्थित मिळत. दोन्ही मोटारी एकदम धावल्या की दाब दहाच्या आसपास कोसळे. सोबत आलेला अडॅप्टर आणि त्याची केसासारखी बारीक तार या भाराला पुरणारी नव्हती. बारा व्होल्टची बॅटरी आणि जाड तांब्याची तार जोडली, आणि तो प्रश्न एका संध्याकाळीत मिटला.

दुसरा प्रश्न मिटला नाही. तीस-तीस सेकंदांची छायाचित्रे घेतली, तर बहुतेक चांगली येत. पण मधूनच एक-दोन छायाचित्रांत प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटलेले दिसे. यंत्र जिथून घेतले त्या विक्रेत्याला दूरध्वनी केला. ‘‘तुमचा आस ध्रुवाला जुळलेला नाही, नव्या लोकांना हे जमत नाही,’’ असे उत्तर मिळाले. आमच्या गच्चीवरून उत्तरेला एक बहुमजली इमारत आडवी येते, ध्रुवतारा दिसत नाही, हे मी सांगून चुकलो होतो. त्यांना तेवढे पुरले. फारच वाटत असेल तर यंत्र परत पाठवा, तपासून यायला दोन-अडीच महिने लागतील, आणि तुम्ही ते उघडले तर वॉरंटी संपेल, अशी पुस्ती त्यांनी जोडली.

दोष कोणाचा, हे ताऱ्याच्या रेघेवरूनच ओळखता येते. आस ध्रुवापासून ढळलेला असेल तर तारा संथपणे, एकाच दिशेने, मुख्यतः उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. आसाची चूक दहा कलांची असेल तर हे सरकणे मिनिटाला फार तर अडीच-पावणेतीन विकलांचे असते. त्यात झटका नसतो. मोटार आणि दंतचक्रे यांचा दोष असेल तर तारा पूर्व-पश्चिम हलतो. वारा, ओढली गेलेली तार, सैल राहिलेला स्क्रू यांचे धक्के कोठेही, केव्हाही बसतात. त्यांना वेळापत्रक नसते. आमच्या शेपट्या पूर्व-पश्चिम होत्या. म्हणजे ध्रुव निर्दोष होता. राहिला प्रश्न वेळापत्रकाचा.

एका रात्री एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हा नियम दादांनी घालून दिला होता. त्या रात्री काहीच बदलायचे नाही असे ठरले. २८ सेकंदांचे छायाचित्र, २ सेकंदांची विश्रांती, असे सलग एक तास. सकाळी मी संगणकावर छायाचित्रे पाहू लागलो आणि बिघडलेल्यांचे अनुक्रमांक मोठ्याने वाचू लागलो. दादा डोळे मिटून ऐकत होते.

‘‘नऊ, दहा. पंचवीस, सव्वीस. एक्केचाळीस, बेचाळीस. सत्तावन्न...’’

‘‘थांब,’’ दादा म्हणाले. ‘‘सोळाचे अंतर आहे. सोळा त्रिक अठ्ठेचाळीस, म्हणजे चारशे ऐंशी सेकंद. तुझ्या यंत्राच्या मोठ्या चक्राला दाते किती?’’

मी माहितीपुस्तिका काढली. ‘‘एकशे ऐंशी.’’

‘‘पृथ्वीच्या फेरीचे शहाऐंशी हजार एकशे चौसष्ट सेकंद. भाग एकशे ऐंशीने. चारशे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक सात.’’ हे त्यांनी कागदाशिवाय केले. ‘‘एका दात्याला लागणारा वेळ. मोठ्या चक्राला ढकलणारे जे मळसूत्र असेल, ते तेवढ्या वेळात एकदा फिरते. त्याच्यावरच एका जागी काही तरी आहे.’’

या रचनेत मोटार एका मळसूत्राला फिरवते आणि मळसूत्राचे आटे मोठ्या चक्राचे दाते एकेक करून पुढे सरकवतात. मळसूत्र पूर्ण निर्दोष कधीच नसते. त्यामुळे प्रत्येक फेरीत दुर्बीण किंचित पुढे-मागे डुलते. हा डोल संथ असतो, आणि दुसऱ्या छोट्या कॅमेऱ्याने एखाद्या ताऱ्यावर सतत नजर ठेवून मोटारीला सूचना देत राहिले तर तो सावरून घेता येतो. झटका मात्र सावरता येत नाही. सूचना पोहोचेपर्यंत तो होऊन गेलेला असतो. आमचा झटका दर फेरीत ठरल्या जागी बसत होता. यंत्राच्या पोटात काय असेल, हे आता जवळपास निश्चित झाले होते. ते उघडायचे की नाही, एवढेच ठरवायचे होते.

ऑक्टोबर संपत आला होता. यंत्र पाठवले तर ते जानेवारीत परतले असते, तेही सुधारून परतेल याची खात्री नव्हती. उघडले तर वॉरंटी गेली, आणि काही बिनसले तर पुतण्याने मोठ्या हौसेने खर्चलेले पैसे पाण्यात. मी पुतण्याला विचारले. तो म्हणाला, ‘‘काका, बाबांना विचारा.’’ दादांना विचारले. ते म्हणाले, ‘‘वॉरंटी दोन वर्षांची आहे ना? माझी किती आहे ते बघ, आणि ठरव.’’

राजवाड्याच्या मागच्या गल्लीत घड्याळे दुरुस्त करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. आमच्या घरातले भिंतीवरचे घड्याळ त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडेच जाते. मी यंत्र पिशवीत घालून त्यांच्याकडे नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, झाकणाचे चार स्क्रू काढले, जुन्या धोतराच्या चिंधीने घट्ट झालेले ग्रीस पुसले आणि मळसूत्र बोटाने हळूहळू फिरवले. एका जागी त्यांचे बोट अडले. चिमट्याने त्यांनी आट्यात रुतलेली धातूची एक कपची काढून तळहातावर ठेवली. तिळाच्या निम्म्याहून लहान. कारखान्यात आटे कापताना निघालेली, आणि ग्रीसखाली तशीच राहून गेलेली. ‘‘नया है तो क्या हुआ साहब,’’ ते म्हणाले, ‘‘सफाई तो नए की भी करनी पड़ती है।’’

मग त्यांनी आणखी एक काम केले, जे मला सुचले नसते. मळसूत्र आणि चक्र यांमध्ये थोडी फट लागते. फार घट्ट बसवले तर मोटार कण्हते, फार सैल सोडले तर दुर्बीण डगडगते. चक्र कधीही पूर्ण गोल नसते, म्हणून त्यांनी ते संपूर्ण एक फेरा फिरवून सर्वांत घट्ट जागा शोधली आणि त्या जागी मळसूत्र मोकळे फिरेल इतकीच फट ठेवली. बाकीच्या जागी येणारी थोडी ढिलाई आम्ही वजनाने काढली: तोल साधताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवायची, म्हणजे दाते सदैव एकाच अंगाला टेकून राहतात. पैसे विचारले तर त्यांनी घड्याळाच्या सफाईचे तेवढेच घेतले.

आता उरला ध्रुव. तो दिसत नसतानाही त्याची जागा काढण्याची एक जुनी रीत आहे आणि ती दादांना तोंडपाठ होती. दक्षिणोत्तर रेषेजवळचा, आकाशाच्या विषुववृत्तालगतचा एक तारा घ्यायचा आणि उभ्या-आडव्या तंतूंच्या नेत्रभिंगात मधोमध ठेवून वाट पाहायची. तारा दक्षिणेला ढळला तर आस पूर्वेकडे वळलेला आहे, उत्तरेला ढळला तर पश्चिमेकडे. आस त्याप्रमाणे सरकवायचा. मग पूर्व क्षितिजाच्या अंगाचा तारा घ्यायचा: तो दक्षिणेला ढळला तर आस फार खाली आहे, उत्तरेला ढळला तर फार वर. मी नेत्रभिंगाला डोळा लावून दिशा सांगायचो, दादा खुर्चीवरून उपाय सांगायचे. वहिनींनी मफलर आणून दिला, नंतर चहा, नंतर ‘‘आता पुरे’’ असा निरोप. अकरा वाजून गेल्यावर वीस मिनिटे तारा तंतूवरून हलला नाही.

या खटाटोपात ध्रुवताऱ्याविषयी एक गोष्ट पुन्हा मनावर ठसली. अढळपदाचा हा धनी स्वतः अढळ नाही. खऱ्या ध्रुवबिंदूपासून तो आज सुमारे ३७-३८ कला दूर आहे, म्हणजे पूर्णचंद्राच्या रुंदीहून थोडा अधिक. आणि तोही रोज त्या बिंदूभोवती छोटी प्रदक्षिणा घालतो. इसवी सन २१००च्या सुमारास तो बिंदूच्या सर्वांत जवळ येईल आणि मग हळूहळू दूर जाऊ लागेल. स्थिर असतो तो बिंदू, आणि त्या बिंदूवर कोणताही ठळक तारा नाही.

इंदूरच्या गच्चीवरून देवयानीचे छायाचित्र मनासारखे येणार नव्हते. शहराचा उजेड आता फार आहे. महूच्या पुढे एका स्नेह्यांचे शेत आहे. नोव्हेंबरातल्या अमावास्येच्या आसपास आम्ही तेथे गेलो. दादा, वहिनी आणि मी. सरळ दक्षिणेला साडेअठरा किलोमीटर गेले की ध्रुव दहा कला खाली येतो. गच्चीवर काटेकोर जुळवलेला आस तेथे पुन्हा जुळवावा लागला. आपल्या हिशेबी महू म्हणजे इंदूरच. यंत्राच्या हिशेबी ते दुसरे गाव. तेथे उत्तर मोकळी होती, त्यामुळे संगणकाने ध्रुवाजवळची दोन-तीन छायाचित्रे घेऊन, ताऱ्यांची मांडणी ओळखून, चूक किती आणि कोणत्या बाजूला हे पाच मिनिटांत सांगितले. दादांना ही सोय आवडली, पण त्यांनी माझ्याकडून एका ताऱ्यावर जुन्या रीतीने पडताळा करून घेतलाच.

मग तीन-तीन मिनिटांची चाळीस छायाचित्रे, एकूण दोन तास. आमच्या दुर्बिणीत आणि कॅमेऱ्यात चित्राचा एक बिंदू सव्वादोन विकलांचा असतो. यंत्र थांबले असते तर तारा सेकंदाला सुमारे पाच बिंदू ओलांडून गेला असता. ते चालले, आणि तीन मिनिटांनंतरही तारे गोल होते. नऊ, दहा, पंचवीस, सव्वीस: जुन्या वहीतले क्रमांक मी मुद्दाम मोठे करून पाहिले. एकालाही शेपूट नव्हते. ‘‘सव्वीस?’’ दादांनी अंधारातून विचारले. ‘‘गोल,’’ मी म्हणालो. ‘‘बेचाळीस?’’ ‘‘दादा, चाळीसच घेतली आहेत.’’

चाळीस छायाचित्रे एकावर एक रचून जे चित्र तयार झाले ते दुसऱ्या दिवशी बैठकीतल्या मोठ्या पडद्यावर लावले. पडदे ओढून खोली अंधारी केली. दादा समोर बसले, आणि त्यांनी मान थोडी वळवली. चित्राकडे नव्हे, चित्राच्या जरा शेजारी ते पाहत होते. डोळ्यांच्या दुखण्याने लावलेली ही सवय की गच्चीवरचा तो जुना पाठ, हे मला ठरवता आले नाही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मधला भाग थोडा उजवीकडे घे. हां. धुळीचे काळे पट्टे आहेत. आणि खाली तो सोबतचा पुंजका. दुसराही आहे ना वर?’’ होता. देवयानीच्या दीर्घिकेला अशा दोन छोट्या सोबतिणी चित्रात सहज दिसतात. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला तो प्रकाश; तो निघाला तेव्हा सातारा नव्हते, माळवा नव्हता, ज्याला माणूस म्हणावे असेही फारसे कोणी नव्हते. वहिनींनी विचारले, ‘‘दिसले का नीट?’’ दादा म्हणाले, ‘‘पुरेसे दिसले.’’

डिसेंबरच्या तपासणीत डाव्या डोळ्यातील डाग थोडा वाढल्याचे निघाले. यंत्र आता गच्चीवर नेहमीच्या जागी उभे राहते. तिवईचे तिन्ही पाय कोठे टेकवायचे, त्या खुणा मी तांबड्या रंगाने फरशीवर करून ठेवल्या आहेत. कपची काडेपेटीत घालून दादांच्या टेबलावर ठेवलेली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते ती उघडून दाखवतात आणि सोळाचा हिशेब सांगतात.

परवा त्यांनी नवे काम काढले. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नवाच्या सुमारास अगस्त्य दक्षिणेला आपल्या सर्वोच्च उंचीवर येतो. गच्चीवरून तो घरांच्या आड आणि धुरात बुडतो; घाटाच्या कड्यावर, जिथे माळवा संपतो आणि जमीन नर्मदेकडे उतरू लागते, तिथे जावे लागेल. वहिनी म्हणाल्या, ‘‘त्या थंडीत, त्या कड्यावर, एवढ्याशा ताऱ्यासाठी?’’ दादांनी उत्तर दिले नाही. ते मला म्हणाले, ‘‘साडेचौदा अंश येईल. आधी जाऊन दक्षिण मोकळी आहे का ते बघून ये.’’ मी उद्या सकाळी निघतो आहे.